हात दिसेना

पांढऱ्या शर्टातला एक माणूस माझ्या आणि दादाच्या हाताच्या बरोब्बर मध्ये येऊन उभा राहिला आणि त्यानं मोबाईल वर धरला.

"ओ पाव्हणं, जरा खाली बसा की," मी देवीपुढं मांडलेल्या चौकापाशी नाचता नाचताच म्हणालो.

तो हलला नाही. डोक्यावर टॉवेल, माझ्याकडं पाठ, तोंडापुढं मोबाईल. उन्हं तिरपी होऊन माझ्या डोळ्यांत येत होती. त्याच्या मागं, बायकांच्या घोळक्यात माझा थोरला भाऊ भवान उभा होता आणि हातानं मला काहीतरी सांगत होता. काय सांगत होता ते कळायला हात दिसायला हवा होता. मला दिसत होता तो नुसता शर्ट.

आम्ही गोंधळी. कुणाच्या घरी लग्न झालं की देवीचा गोंधळ घालायचा, हे आमचं पिढीजात काम. पूर्वी रात्रभर चालायचा. पुढं लोकांना सकाळी कामं असायला लागली, म्हणून दिवसाउजेडी दोन-चार तासांत उरकायची चाल पडली. मी भर उन्हात पेटती दिवटी घेऊन नाचायचो. ती पेटलीय की विझलीय हे माझं मलाच चटका बसल्यावर कळायचं.

गोंधळाच्या शेवटी एक खेळ असायचा. आम्ही त्याला करपल्लवी म्हणायचो, लोक नुसतं 'ते वळखायचं' म्हणायचे. एक गोंधळी लोकांत जातो. कुणीही त्याच्या कानात एक शब्द सांगायचा, माणसाचं नाव, गावाचं नाव, मुठीत लपवलेल्या वस्तूचं नाव. दुसरा गोंधळी लांब चौकापाशी असतो. तो तिथूनच, कुणी तोंड न उघडता, तो शब्द मोठ्यानं सांगतो. बायका तोंडाला पदर लावतात. देवीच बोलली म्हणतात.

देवी बोलत नव्हती, दादाचा हात बोलत होता. आता हे लपवण्यात अर्थ नाही. हात कमळासारखा केला की क-ख-ग-घचं घर. चाकासारखा फिरवला की च-छ-जचं. मग त्या घरातलं कितवं अक्षर ते बोटांनी, आणि काना-वेलांटी चुटक्यांनी. लोकांना वाटायचं गोंधळी ठेका धरतोय.

म्हणजे ऐकणार दादा, लक्षात ठेवणार दादा, सांगणार दादा, आणि शेवटी पाया पडून घेणार मी. मी अंतर्ज्ञानी ना!

त्यात मला तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं. अक्षरं माझ्या बोटांत होती, पाटीवर नव्हती. पुढं आणखी म्हातारा होऊन शिकायला बसलो तेव्हा बाईंनी फळ्यावर क काढला, तर माझा हात आपोआप कमळ झाला. बाई म्हणाल्या, "आजोबा, काही हवंय का?" पण ते नंतरचं.

दादा आमच्यातला खरा गळा होता. तो देवीला बोलवायला लागला की शेजारच्या वस्तीवरची माणसं कामं टाकून यायची. मग त्याच्या घशात गाठ निघाली. सोलापूरला ऑपरेशन झालं. जीव राहिला, आवाज गेला. गाणं माझ्याकडं आलं, आणि माझं गाणं ऐकून लोकांना दादाची किंमत कळली. दादाला एवढा एक खेळ उरला होता. हात शाबूत होते. त्या हातांवर तो माझ्याबरोबर गावोगाव फिरत होता आणि त्याच हातांवर माझं अंतर्ज्ञान चाललं होतं.

त्या दिवशी मात्र दादाचा मुलगा दिगंबर त्याला कायमचा न्यायला आला होता.

गोंधळ होता हिंगणदऱ्याच्या बब्रुवानतात्यांकडं. तात्यांच्या नातवाचं आदल्या दिवशी लग्न झालेलं. आम्ही दुपारी जेवून मागच्या कट्ट्यावर टेकलो होतो, एवढ्यात दारात जीप उभी राहिली आणि दिगू उतरला. तो भोसरीला कंपनीत सुपरवायझर होता.

"नाना, मी अण्णांना न्यायला आलोय," त्यानं चप्पल काढायच्या आधीच सांगितलं.

"न्यायला? तो काय पार्सल आहे?"

"पार्सलवर निदान 'जपून हाताळा' लिहिलेलं असतं. तुम्ही त्यांना वैशाखात उन्हातान्हात फिरवताय. वय बघा त्यांचं."

"त्याचं बघतोस तर माझंही बघ. त्याच्याहून दोनच वर्षांनी लहान आहे मी."

"तुमच्या अंगात देवी येते. अण्णांच्या अंगात नुसता ताप येतो."

शेजारी माझा मेव्हणा सोपान संबळाला तेल लावत बसला होता. तो फिसकन हसला. मी त्याच्याकडं बघितलं तसा तो पुन्हा तेल लावायला लागला.

"अरे, भोसरीत चौथ्या मजल्यावर तो करणार काय?" मी म्हणालो. "इथं त्याला काम आहे, मान आहे. तिथं खिडकीत बसून हात हलवायला लागला तर खाली रिक्षा थांबतील."

"थांबू देत. निदान अण्णा माझ्या डोळ्यांपुढं असतील."

"त्याच्याशी बोलणार कोण तिथं? तुला तरी त्याची बोटं कळतात का?"

ह्यावर दिगू वाकून चप्पल काढायला लागला. मला वाटलं, जिंकलो. आणि जिंकल्यावर गप्प बसण्याची मला कधीच सवय नव्हती. म्हणालो, "आजचा खेळ होऊ दे. एक जरी शब्द चुकला तर घेऊन जा तुझ्या बापाला, मी आडवा येणार नाही. नाही चुकला तर तो माझ्याकडं राहणार. दसऱ्याला ये, तेव्हा बघू."

"चालेल," दिगू म्हणाला. "पण मी काही त्या उन्हात बसणार नाही. गाडीत पडतो. सोपानमामा खरं काय ते सांगतील."

"मी संबळ वाजवतो, कोर्टात साक्ष देत नाही," सोपान म्हणाला.

दादा तिथंच, माझ्या उजव्या हाताला बसला होता. त्याच्या राहण्या-जाण्याचा निकाल आम्ही दोघांनी लावला आणि त्याला विचारायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. त्यानं दोन बोटांनी माझ्या गुडघ्यावर टकटक केलं. त्याला काही सांगायचं असलं की तो असंच करायचा.

"थांब रे दादा," मी म्हणालो, "दिवटीचं फडकं पिळायचं राहिलंय." आणि मी फडकं पिळायला घेतलं.

गोंधळ सुरू झाला तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. चौक मांडला, कळस ठेवला, नवरा-नवरी पाटावर बसली. देवीला बोलावणं झालं. माझ्या आवाजावर देवी कशी येते हे देवीच जाणे. बहुतेक लवकर संपावं म्हणून येत असावी. कुणी मन लावून ऐकत नव्हतं, आणि ते मला नवीन नव्हतं. त्या वर्षी नेट स्वस्त झालं होतं. घरटी एक मोबाईल होता तो माणशी एक झाला होता. पुढं बसलेल्या एका बाईचा मोबाईल वाजला. तिनं तो उचलला, माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाली, "मामा, जरा हळू म्हणा की. पुण्याचा फोन आहे."

मी हळू म्हणालो. खोटं कशाला सांगू?

"हॅलो, हां. अगं, गोंधळात बसलीय. न्हाई, तसं काही न्हाई, म्हातारा ओरडतोय एक."

सोपाननं संबळावर थाप मारली ती नेमकी ह्या वाक्याला दाद दिल्यासारखी पडली.

मग आम्ही खेळाला हात घातला. दादा चौकाला नमस्कार करून बायकांत गेला. नवरीच्या बहिणीनं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. दादानं हात वर करून ठेका धरला, मी दिवटी फिरवत दोन गिरक्या घेतल्या, डोळे अर्धे मिटले. पूर्ण मिटून चालत नाही. मग गर्जना केली, "बाभुळवाडी!"

"अय्या!" नवरीची बहीण किंचाळली. "माझ्या मैत्रिणीचं गाव! ह्यांना कसं कळलं?"

ते बाभुळवाडीच आम्हाला नडलं. चुकलं असतं तर लोक कंटाळून उठले असते. बरोबर आलं म्हणून सगळे सावरून बसले आणि खिशातले, कनवटीचे, पदराखालचे मोबाईल बाहेर आले. बघता बघता अंगणात ज्वारी उभी राहावी तसे हात उभे राहिले.

दुसरा शब्द 'पैंजण' होता. तो मी एका म्हाताऱ्याच्या टोपीवरून आणि एका पोरीच्या बगलेखालून कसाबसा वाचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणजे एका हातानं मांडीवर वाजवल्या, कारण दुसऱ्या हातात मोबाईल होता.

तिसरा शब्द सांगायला तात्यांची म्हातारी आई पुढं झाली. सगळे तिला मोठ्या बाई म्हणायचे. चेहरा वाळल्या खारकेसारखा, पण डोळा तल्लख. ती दादाच्या कानाशी लागली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग एकदम काहीतरी सांगून मागं झाली आणि माझ्याकडं अशी बघायला लागली, की बघू तुझी देवी कितपत शिकलीय ती.

आणि त्याच वेळी तो पांढरा शर्ट मध्ये आला.

मी डावीकडं सरकलो. तिथं मोबाईल. उजवीकडं सरकलो. तिथं दोन मोबाईल, एकाच्या खांद्यावरून दुसरा. मी उडी मारली. उडी म्हणजे काय, टाचा उचलल्या. पण एवढा वेळ एका जागी नाचणारा म्हातारा सैरावैरा धावायला लागलेला बघून कुणीतरी ओरडलं, "अंगात आलं रं! घे, घे, शूटिंग घे!" आणि मागच्या ज्यांचे हात अजून मोकळे होते तेही वर झाले.

"मोबाईल खाली ठेवा!" मी आवाज चढवला. "देवीला उजेड चालत न्हाई!"

"मग दिवसाढवळ्या दिवटी कशाला पेटवलीय?" मघाची फोनवाली बाई म्हणाली.

अंगणभर हशा झाला. मी गाणं सुरू केलं. शब्द अडला की वेळ काढायला आम्ही असं करायचो. एक कडवं झालं, दुसरं झालं. सोपान वाकून म्हणाला, "दाजी, आटपा. मनगटं भरून आली माझी."

"हात दिसंना," मी गाण्याच्या चालीतच म्हणालो.

"काय?"

"दादाचा हात दिसंना रं!"

"मग डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या," सोपान म्हणाला आणि त्यानं ठेका वाढवला.

माझ्या डोळ्यांपुढं दिगूची जीप उभी राहिली. मागच्या शिटावर दादा, हात मांडीवर ठेवलेले. दिवटी आणि मी रस्त्यात उभे. एक शब्द, फक्त एक शब्द चुकायचा राहिला होता. मी त्या पांढऱ्या शर्टाला मनातल्या मनात एवढ्या शिव्या घातल्या, की तेवढ्या वेळात देवीची एक आरती झाली असती.

आणि फट पडली. कुणीतरी खोकायला वाकलं आणि दोन मोबाईलांच्या मधून दादाचा हात दिसला. डोंगरासारखा उभा केलेला. म्हणजे प-फ-बचं घर. एक बोट. चुटकी. मग धनुष्याची दोरी ओढल्यासारखा, म्हणजे ट-ठ-डचं घर, पाच बोटं. फट मिटली.

पुरे होतं. ह्यापेक्षा कमी अक्षरांवर मी शब्द ओळखलेले होते. मी गरकन गिरकी घेतली, दिवटी आभाळाला लावली आणि छातीतला सगळा वारा काढून ओरडलो, "पाणी!"

 सगळ्यांनी मोठ्या बाईंकडं बघितलं.

"न्हाई," मोठ्या बाई म्हणाल्या.

लोक हसले. मी पण हसलो. "आई, नीट आठव. पाणीच म्हणालीस तू."

"माझ्या तोंडानं मी काय बोलले ते मला ठावं न्हाई व्हय?"

मी पुन्हा वाकून, वळून, मान लांब करून बघितलं. फट पुन्हा पडली. हात तसाच डोंगरासारखा उभा राहिला, पण जरा खाली. एक बोट. धनुष्य. म्हणजे माझं बरोबर होतं! दादा ठामपणानं तेच सांगत होता. मला बळ आलं.

"पाणी!" मी दुप्पट जोरात म्हणालो. "देवी सांगतीय, पाणी! खोटं बोलू नको म्हातारे, पाणी!"

"आगं बया," कुणीतरी म्हणालं, "तहान लागलीय वाटतं गोंधळ्याला."

आणि खरंच, तात्यांची सून गर्दीतून वाट काढत पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन आली. "घ्या मामा. कवापासनं मागताय."

आता काय करायचं? सगळं अंगण बघत होतं, सगळे मोबाईल माझ्यावर रोखलेले. नको म्हणालो असतो तर आणखी शोभा झाली असती. मी तांब्या घेतला आणि प्यालो. सगळा प्यालो. गार पाणी होतं, माठातलं. पिता पिता मी दादावर चडफडत होतो, की आज नेमकं ह्याचं डोकं फिरलंय, नेमका आज हा चुकीचा शब्द सांगतोय.

तांब्या तोंडावरून काढला तेव्हा मोबाईल खाली येत होते. आधी बायकांकडचे, मग त्यांच्या मागचे. वारा सुटल्यावर पीक एका बाजूला वाकतं तसे. आणि ते सगळे खाली आल्यावर मला दादा दिसला. मांडवाच्या खांबाला पाठ लावून तो खाली बसला होता. मान कलली होती. उजवा हात मांडीवर पडला होता आणि त्याचं एक बोट अजून उभं होतं.

मी धावलो, पण माझ्या आधी तो पांढरा शर्ट पोचला. त्यानं टॉवेल काढून दादाच्या डोक्याखाली दिला, तेव्हा मला त्याचं तोंड दिसलं. दिगू होता.

गावातला डॉक्टर आला. ऊन लागलंय, ब्लडप्रेशर उतरलंय, बाकी भिण्यासारखं काही नाही म्हणाला. दादाला ओसरीवर बाजेवर निजवलं, लिंबू-साखर पाजली. हळूहळू त्याच्या तोंडावर रंग आला. अंगण रिकामं झालं. पाहुणे निघाले, मोबाईल घराघरांत चार्जिंगला लागले. ओसरीवर आम्ही चौघंच राहिलो. बाजेवर दादा, त्याच्या उशाशी पंख्यानं वारा घालत मोठ्या बाई, आणि खाली दिगू व मी.

"तू तर गाडीत निजणार होतास," मी म्हणालो.

"झोप लागली नाही." दिगूनं मोबाईल काढला. "नाना, मला वाटलं, आज नंतर हे काही पुन्हा होणार नाही. म्हणून घेत होतो. तुमचं नाही घेतलं."

"माझं कशाला घेशील?"

"अण्णांचा हात घेतलाय. नुसता हात. अगदी जवळून." त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. "हे काय सांगत होते ते मला सांगा. मला कळत नाही. लहान असल्यापासून बघतोय मी, पण तुम्ही दोघं माझ्यापासून काही लपवायचं असलं की ह्याच भाषेत बोलायचात. शिकवलं कुणी?"

मी चष्मा नाकावर सरकवला. एवढ्याशा काचेत दादाचा हात केवढा तरी मोठा दिसत होता. त्याच्या अंगठ्यावरचा तुणतुण्याचा घट्टा दिसत होता. आख्ख्या अंगणात ज्या एका माणसासाठी तो हात वर झाला होता, त्याला तो दिसला नव्हता. बाकी कॅमेऱ्यात पुरा उतरला होता.

हातानं आधी म्हातारीचा शब्द सांगितला. दोनदा, स्वच्छ. तो मी वाचला. मग हात जरा थांबला. मग पुन्हा वर झाला आणि त्यानं म्हटलं, अंबा.

आईनंतर मला अंबा म्हणणारा तो एकटाच उरला होता. बाकी जगाला मी अंबादास.

अंबा, बघतोयस ना. दमलो. दिगूकडं जातो. तू सोड मला. घरी सांगायला लागलो की तू बघत नाहीस, म्हणून इथं सांगतो.

मग नुसतंच, पाणी. मग पुन्हा, पाणी.

"काय म्हणतात?" दिगूनं विचारलं.

"परत लाव," मी म्हणालो.

त्यानं परत लावलं. हातानं परत तेच सांगितलं.

घरी मी बघत नसे हे खरं होतं. बोलत्या माणसाचं ऐकायचं नसेल तर कान झाकावे लागतात, उठून जावं लागतं, भांडावं तरी लागतं. दादाच्या बाबतीत नुसतं दुसरीकडं बघितलं की भागायचं. त्याचा हात वर व्हायला लागला की मला दिवटी आठवायची, म्हैस आठवायची, चुलीवरचं दूध आठवायचं. ऑपरेशन झाल्यापासून आमच्या घरातलं दूध कधी उतू गेलं नाही. जगात एकच जागा अशी उरली होती की जिथं मला त्याच्या हातावरून डोळा काढता येत नव्हता, आणि तिथं त्यानं सांगितलं. तर तिथं सगळा गाव मोबाईल घेऊन उभा.

"नाना?"

थापा मारून पोट भरण्यात माझा जन्म गेला होता. आणखी एक थाप मला जड नव्हती. दसऱ्यापर्यंत नानाकडं राहतो म्हणतोय, एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. दिगूला बोटं कळत नव्हती आणि दादाला आवाज नव्हता. शब्द चुकला होता खरा, पण मी वाद घातला असता. उन्हानं झालेली चूक धरली जात नाही म्हणालो असतो. मला वाद कमी पडत नाहीत.

मी वर बघितलं. दादा बाजेवरून माझ्याकडंच बघत होता. हात छातीवर होता. तो त्यानं उचलला नाही. नुसता बघत होता. मी बघतो की नाही ते.

"तुझ्याबरोबर येतो म्हणतोय," मी दिगूला सांगितलं.

"खरं?"

"दमलो म्हणतोय. मला सोड म्हणतोय."

दिगूनं मोबाईल खिशात ठेवला आणि खिशावर उगाच हात दाबून धरला. "मला वाटलं होतं, त्यांना ओढून न्यावं लागेल."

"मलाही वाटलं होतं, त्याला धरून ठेवावं लागेल. लिफ्ट आहे ना रे तिथं?"

"आहे, नाना."

"बंद पडली तर?"

"उचलून नेईन."

"चार मजले?"

"वजन कितीसं राहिलंय त्यांचं."

मी बाजेपाशी सरकलो. दादापुढं हात धरला आणि बोटांनी सांगितलं, कळलं. जा. मी लोकांदेखत कधी बोटं वापरली नव्हती; अंतर्ज्ञानी माणसाला बोटं कशाला लागतील? माझी बोटं अडखळत होती. 'जा' सांगताना मी बहुतेक तिसऱ्याऐवजी चौथं बोट उघडलं असावं, कारण दादानं भुवई वर केली आणि माझं बोट धरून मिटवलं. शाळामास्तर चूक सुधारतो तसं.

मग त्यानं स्वतःचा हात उचलला. मला वाटलं, आता काहीतरी मायेचं बोलेल, आणि मी तयारीनं नाक पुसून घेतलं. तर त्यानं विचारलं, म्हातारीचा शब्द सांगितलास का?

मी मान हलवली. नाही सांगितला.

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की अजूनही आठवलं तर मी दुसरीकडं बघतो. खेळ अर्धा ठेवून उठायची त्याला आयुष्यात सवय नव्हती. त्यानं हनुवटीनं म्हातारीकडं खूण केली. सांग.

मी तिच्याकडं वळलो. ना दिवटी होती, ना संबळ. सोपान आत जेवायला बसला होता. ओरडायचं कारण नव्हतं. घरातल्या माणसाला हाक मारावी तसा मी तो शब्द म्हणालो.

"हौसा."

मोठ्या बाईंचा पंख्याचा हात थांबला. त्या घरात त्यांचं नाव सरस्वती. लग्नात नाव बदलून तसं ठेवलं होतं, दारावरच्या पाटीवरही तेच होतं, असं मागाहून तात्यांनी सांगितलं. हौसा हे माहेरचं. त्या नावानं हाक मारणारी सगळी माणसं कधीच गेली असणार.

"ओ," म्हातारी म्हणाली. पलीकडच्या खोलीतून कुणी बोलवावं आणि हातातलं काम न सोडता उत्तर द्यावं, तशी.

मग तिचं तिलाच कळलं. तिनं पदर सारखा केला, दादाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पंखा पुन्हा हलवायला घेतला.

"ह्यानं कवाच सांगितलं आसंल," ती मला म्हणाली. "तूच उशीर केलास."